सहा लिटर पाणी

सातपुड्यातल्या पाल गावच्या आठवडी बाजारात भाजलेले शेंगदाणे घेत होतो. सायकल बाजूच्या लिंबाला टेकवलेली. तडवी आदिवासी समाजातले एक वयस्कर बाबा बराच वेळ तिच्याभोवती फिरून पाहत होते. सायकल पाहिली की लोक साधारण दोन गोष्टी विचारतात, केवढ्याची आणि गिअर किती. बाबांनी त्यातलं काही विचारलं नाही. मागच्या टायरवर अंगठा दाबून हवा पाहिली, कॅरिअरला बांधलेल्या पिशव्या चाचपल्या आणि म्हणाले, "कुठी चालला?" आज कुठे नाही, म्हटलं, पण माघात इथून निघायचंय. जंगलातल्या वाटेनं पश्चिमेला जामन्या, लंगडा आंबा, आणि मग खाली मनुदेवीकडे. त्यांनी मान हलवली. त्यांना त्या वाटेचं काही अप्रूप नव्हतं. थोडं थांबून म्हणाले, "पानी कुठचं पेशीन रे भो?" सहा लिटर सोबत घेणार आहे, बाबा. "ते झालं. पन कुठचं?" एवढ्यात नातवानं हाक मारली आणि ते मिठाच्या पालाकडे निघून गेले.

खिरोद्याच्या बाजूनं घाट उतरताना तो प्रश्न डोक्यात राहिला. उतारावर खरं तर दुसरं काही सुचत नाही. ब्रेक, खडी, समोरून येणारी काळीपिवळी, एवढंच असतं. त्या दिवशी मात्र प्रत्येक वळणावर बाबांचं ते 'कुठचं' ऐकू येत होतं.

या सफरीचा आराखडा मी उन्हाळ्यात करायला घेतला. आमच्याकडे वैशाखात दुसरं करण्यासारखं काही नसतंच. भुसावळचा पारा पंचेचाळिशीच्या वर गेला की दुपारी रस्ते ओस पडतात, रात्री गच्चीवर पाणी शिंपडून गाद्या टाकाव्या लागतात आणि दहा वाजले तरी भिंतीला हात लावला तर ती गरम लागते. अशा रात्री मी गच्चीवर बॅटरीच्या उजेडात भारतीय सर्वेक्षण विभागाचा नकाशा उलगडून बसायचो. त्यावर एक सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरचे पाचशे मीटर, आणि प्रत्येक समोच्च रेषेला वीस मीटरची चढण. दोन रेषांमध्ये अर्धा सेंटिमीटर अंतर सापडलं की समजायचं, अडीचशे मीटरांत वीस मीटर चढायचे आहेत, आठ टक्क्यांचा चढ. सामानानं लादलेली सायकल, खाली सुटी खडी आणि आठ टक्के. माझ्या सायकलीचं पुढचं लहान चेनरिंग तीस दात्यांचं, मागचं सगळ्यात मोठं चक्र छत्तीसचं. मिनिटाला साठ वेळा पायडल फिरवलं तर तासाला साडेसहा किलोमीटरच्या आत वेग येतो. म्हणजे चालणाऱ्या माणसाच्या जरा पुढे. या आकडेमोडीत मला खरोखर आनंद मिळतो. पेन्सिलीनं रेषा ओढत जाताना पोटऱ्यांना तो चढ आधीच कळायला लागतो. कुठे श्वास लागेल, कुठे उतरून ढकलावं लागेल, कुठल्या वळणावर सावली असेल.

सातपुडा आम्हाला लहानपणापासून दिसतो. सावदा-फैजपूरच्या कुठल्याही मळ्यात उभं राहा, उत्तरेला ती निळी रांग असतेच. पावसाळ्यात जवळ येते, उन्हाळ्यात धुरकटून मागे सरते. आमच्या घरी हवामानाचा अंदाज तिच्याकडे बघून सांगितला जायचा. पण तिथे जाणं फार कमी. पालला शाळेची सहल, मनुदेवीला नवस, एवढंच. तिच्या पोटात काय आहे, हे आम्हा केळीवाल्यांना क्वचितच माहीत असतं. आमचं तोंड दक्षिणेला, तापीकडे, रेल्वेकडे. माल दिल्लीला जातो, पोरं पुण्याला जातात. उत्तरेला कोणी जात नाही. मला मात्र वय वाढत गेलं तसं तिकडेच जावंसं वाटू लागलं. मोटारसायकलनं मन भरत नाही, तिच्या आवाजात काहीच ऐकू येत नाही. पायी जायला गुडघे तयार नाहीत. सायकल मला मानवली.

कधी जायचं, यावर भुसावळच्या मित्राशी किती तरी संध्याकाळी बोलणं झालं. तो रेल्वेत लोको पायलट आहे, वेळापत्रक त्याच्या अंगात मुरलंय. पावसाळ्यात नाले आडवे येतात आणि काळ्या मातीत चाक रुततं. चिखल मडगार्ड आणि टायरच्या मध्ये भरला की सायकल खांद्यावर घ्यावी लागते. दिवाळीच्या सुमारास गवत कमरेएवढं असतं. पलीकडचं काही दिसत नाही आणि गोचिडांचा त्रास फार. पौषातली थंडी आमच्याकडे कडक पडते, पारा दहाच्या खाली जातो, केळीला चरका बसतो आणि सगळा गाव रात्री मळ्यात धूर करत जागतो. त्या दिवसांत घर सोडून जाणं मला जमणार नाही. फेब्रुवारी उतरणीला लागला की सागाची पानं गळून पडलेली असतात, वणव्याचे दिवस सुरू होतात, आग पसरू नये म्हणून जाळरेषा काढलेल्या असल्या तरी एखाद्या बिडीचं निमित्त पुरतं. आणि पुढे फाल्गुन-चैत्रात मोह फुलतो. मोहाची फुलं रात्रीतून गळतात, पहाटे बायका टोपल्या घेऊन ती वेचायला येतात आणि त्याच वासानं अस्वलंही येतात.

अस्वलाचा विचार सायकलवाल्यानं जरा जास्त करायला हवा. आमच्या भागातल्या लोकांना विचारा, बिबट्यापेक्षा अस्वलाची भीती अधिक. बिबट्या माणसाची चाहूल लागताच सरकून जातो. अस्वल मुळं, वारुळं उकरण्यात गढलेलं असतं. माणूस अगदी जवळ येईपर्यंत त्याला कळत नाही, आणि दचकलं की ते अंगावर येतं. सायकल तर उतारावर आवाज न करता येते. जी शांतता मला हवीशी वाटते तीच इथे धोक्याची. म्हणून हँडलवर जुन्या पद्धतीची मोठी पितळी घंटा लावून घेतलीय. आंधळ्या वळणाआधी ती वाजवायची. सूर्य चांगला वर आल्यावर निघायचं आणि उन्हं कलायच्या आत मुक्कामाला पोचायचं. माघाचा उत्तरार्ध त्यासाठी बरा. दिवस जरा मोठा झालेला, थंडी ओसरत चाललेली, एखाद-दुसरा पळस लाल व्हायला लागलेला. तारीख मित्राच्या रजेवर अवलंबून आहे, पण पंधरवडा ठरला.

परवानगीचं काही सायकलवाल्यांना फार जड जातं. आपण काय शिकारी आहोत का, असं ते म्हणतात. मला उलट त्या अर्जामुळे बरं वाटलं. आमची वाट ज्यातून जाते ते यावल अभयारण्य १९६९ साली जाहीर झालं, क्षेत्र साधारण पावणेदोनशे चौरस किलोमीटर. म्हणजे फार मोठं नाही. एका बाजूला मध्य प्रदेशाची हद्द, दुसऱ्या बाजूला आमची केळी. पूर्वेला मेळघाट, पश्चिमेला अनेर, त्यांच्यामधली ही एक कडी. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं अभयारण्यात जायला परवाना लागतो आणि तो कशासाठी देता येतो हेही लिहून ठेवलंय. अभ्यास, छायाचित्रण, पर्यटन वगैरे. कार्यालयात गेलो तेव्हा तिथल्या माणसानं शांतपणे सगळं समजावलं. रात्री फिरायचं नाही. जाळ करायचा नाही. तंबू नाही, मुक्काम विश्रामगृहातच, आणि तोही आधी ठरवून. आखलेल्या वाटेच्या बाहेर चाक जायला नको. घरी येऊन मी आराखड्यातला स्टोव्ह खोडला. दीड किलो वजन कमी झालं.

स्टोव्ह गेला तसा जेवणाचा प्रश्नही सुटला. कळण्याची भाकरी, शेंगदाण्याचा कोरडा ठेचा, गूळ, आणि केळी. कळण्याच्या भाकरीत ज्वारीबरोबर उडीद असतो, ती दुसऱ्या दिवशीही वातड होत नाही आणि पोटात टिकते. केळी मात्र सफरीत सांभाळणं कठीण. खडीवर हादरे बसून पिशवीत त्यांचा लगदा होतो. म्हणून थोडी कच्चट, घडाच्या खालच्या फण्यांतली घ्यायची. ते काम घरातले वडीलधारे, आमचे नाना, करणार. त्यांनी तसं स्वतःहून सांगितलं, आणि या सफरीबद्दल ते आपणहून बोलले ते एवढंच.

टायरचं मात्र मित्राचं आणि माझं जमलं नाही. तो म्हणतो बारीक टायर घे, आधीच्या डांबरी रस्त्यावर वेळ वाचेल. मी रुंद टायर मागवले, हवा कमी ठेवता येईल असे. खडीवर ते पसरतात, हाताला आणि पाठीला हादरा कमी बसतो. शिवाय आमच्याकडे बाभूळ आणि वेडी बाभूळ. बांधावरची फांदी तुटून रस्त्यावर पडली की एकाच चाकात चार काटे. म्हणून टायरच्या आत पट्टी, दोन जादा ट्यूब, पंक्चरचं सामान, चेनची एक जोडकडी, ब्रेकची एक वायर. वरती दुकान नाही. मोबाईलला रेंज बहुतेक ठिकाणी नाही. घरी एक कागद ठेवून जायचं, कुठल्या दिवशी किती वाजता कुठे असू याचा. आणि सर्पदंशावरचं प्रतिविष कुठल्या आरोग्य केंद्रात असतं हे आदल्या आठवड्यात विचारून घ्यायचं.

पण हे सगळं लिहीत असताना एक गोष्ट मला अस्वस्थ करते. मी ज्याला खडतर सफर म्हणतोय त्या वाटेवर पावरा आदिवासी पोरं रोज सायकल चालवतात. गिअर नाही, पुढचा ब्रेक असला तर नशीब, कॅरिअरवर ज्वारीचं पोतं किंवा धाकटा भाऊ. एकदा पालच्या अलीकडच्या चढावर असाच एक मुलगा माझ्या बाजूनं सायकल ढकलत चालला होता, शाळेच्या गणवेशात, पायात स्लिपर. मी पायडल मारत होतो, तो चालत होता, आणि दोघांचा वेग एकच. त्यानं मला पाड्यांची नावं सांगितली, कुठल्या नाल्यात अजून पाणी आहे ते सांगितलं. माझ्या हेल्मेटकडे त्यानं कुतूहलानं पाहिलं, हसला नाही. वर पोचल्यावर तो एका पायवाटेनं वळला आणि दिसेनासा झाला. त्याच्यासाठी हे अंतर घर आणि शाळा यांच्यामधलं. मी त्यासाठी वर्षभर तयारी करतोय. तरीही मला जावंसं वाटतं, आणि ते वाटणं खोटं नाही. त्या चढावर त्याचं काय चालतं आणि माझं काय, हे एकमेकांना रद्द करत नाही असं मी स्वतःला सांगतो. पूर्ण पटतं असं नाही.

त्या जंगलाबद्दलही मन असंच दुभंगलेलं आहे. वर गेलं की काही टेकड्या घनदाट, सालई, धावडा, अंजन, बांबू. आणि काही टेकड्या पार उघड्या, खुंटांमध्ये मका उभा. २००६ च्या वनहक्क कायद्यानं ज्यांची पिढ्यान्‌पिढ्यांची वहिवाट होती त्यांना न्याय मिळाला, तो मिळायलाच हवा होता. पण ताजी तोडही होते, रात्री साग खाली येतो, आणि तो साग खाली कोणाच्या दारं-खिडक्यांना लागतो हे आम्हा खालच्या गावांना विचारायला हवं. सायकलवरून हे फार हळू दिसतं. मोटारीतून ती एक उघडी टेकडी असते, झटक्यात मागे जाते. साडेसहाच्या वेगात तिचा एकेक खुंट दिसतो.

आणखी एक लोभ आहे मला या सफरीत. रानपिंगळा. काँग्रेसच्या स्थापनेत ज्यांचं नाव पुढे असतं त्या ॲलन ह्यूम यांनी १८७३ साली या छोट्या घुबडाचं वर्णन प्रसिद्ध केलं. (आमच्या वाटेवरचं फैजपूर म्हणजे १९३६ च्या काँग्रेस अधिवेशनाचं गाव, खेड्यात भरलेलं पहिलं अधिवेशन. तिथून जाताना मला ह्यूम आठवतात ते या घुबडामुळे.) पुढे जेम्स डेव्हिडसन या ब्रिटिश अधिकाऱ्यानं आमच्या खानदेशातून याचे नमुने जमवले, शेवटचा १८८४ मधला. त्यानंतर पक्षी नाहीसा. १९१४ साली गुजरातेत मांडवीजवळ मिळाला म्हणून एक नमुना संग्रहालयात होता, रिचर्ड माइनर्ट्झहागेन या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्याच्या नावाचा. पक्षिशास्त्रज्ञ पामेला रासमुसेन यांनी तो बारकाईनं तपासला तेव्हा कळलं की तो जुनाच, चोरलेला नमुना होता आणि त्याला लावलेली जागा-तारखेची चिठ्ठी खोटी. म्हणजे इतकी वर्षं त्या चिठ्ठीवर विसंबून केलेला शोध चुकीच्या जागी. रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड अ‍ॅबट यांनी फक्त खऱ्या चिठ्ठ्यांवरच्या जागा घेतल्या, आधी पूर्वेकडच्या, मग आपल्या. आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळ, सातपुड्याच्या पायथ्याशी, सकाळच्या उन्हात एका निष्पर्ण झाडावर तो बसलेला होता. एकशे तेरा वर्षांनी. पुढे तो तोरणमाळला, मेळघाटात आणि आमच्या यावललाही दिसला. हे घुबड दिवसा वावरतं, सरडे खातं. म्हणजे माझ्या सायकलच्या वेळेत ते जागं असणार. शोधाची ही हकिकत मी कितीदा वाचली असेन. त्यात मला सगळ्यात आवडतं ते हे की पक्षी सापडला तो जंगलात जाण्याआधी, टेबलावर. कुठल्या कागदावर विश्वास ठेवायचा हे ठरलं तिथेच.

माझ्याही टेबलावर कागद होते, पण बाबांचा प्रश्न त्यात कुठेच बसत नव्हता.

पाण्याचा हिशेब मी लिटरमध्ये केला होता. माघात चढावर तासाला पाऊण लिटर धरलं, साडेपाच-सहा तास चाक फिरणार, म्हणजे साडेचार लिटर. राहिलेलं दीड लिटर पंक्चर, रस्ता चुकणं, ऊन यांसाठी. सहा लिटर म्हणजे सहा किलो. हा हिशेब बरोबर आहे, आजही मी त्यात बदल केलेला नाही. पण एका रात्री मळ्यात केळीला पाणी सोडायला गेलो होतो. एखाद्या आठवड्याला वीज रात्रीची असली की मोटार सुरू करायला रात्री जावं लागतं. नाना बांधावर बसले होते. मी त्यांना बाबांचा प्रश्न सांगितला. ते हसले नाहीत, दचकले नाहीत. उत्तरेला अंधारात हात करून म्हणाले, "हे तिठलंच पानी हाय. तिठूनच येते."

हे मला शाळेत शिकवलं होतं, पण ते असं अंगाशी कधी भिडलं नव्हतं. सातपुड्याच्या पायथ्याला, यावल, रावेर आणि चोपड्याच्या पट्ट्यात, जमिनीखाली मातीपेक्षा गोटे जास्त. डोंगरातून हजारो वर्षं वाहून आलेले दगड, गोटे, वाळू यांचा जाड थर. भूजलवाले त्याला बझाडा म्हणतात. डोंगरातून नाला सुसाट येतो, पट्ट्यात शिरतो आणि दोन-चार कोसांत गडप होतो. मला लहानपणचा आमच्या शिवारातला नाला आठवतो. रात्री वर पाऊस झाला की पहाटे पुराचा आवाज यायचा. पाणी दिसायच्या आधी गोटे एकमेकांवर आपटल्याचा खडखडाट. आम्ही पोरं काठावर धावायचो. दुपारपर्यंत तळाशी ओल आणि एखादं डबकं, आणि संध्याकाळी त्याच गोट्यांवर आमचा खेळ. पाणी कुठे गेलं, असं विचारलं की नाना म्हणायचे, "नाला पानी नेत नाई, पेरते." आणि ते खरंच तसं. ते पाणी खाली झिरपून, दक्षिणेला सरकत, आमच्या विहिरींत यायचं. बारा महिने पाणी मागणारी केळी इथेच का रुजली, दुष्काळी महाराष्ट्रात हा पट्टा वर्षभर हिरवा का, त्याचं कारण त्या निळ्या रांगेत आणि या गोट्यांत आहे.

मग मोटारी आल्या, बोअर आले. विहीर आटली की तळात आडवे बोअर, ते आटले की उभे, शेकडो फूट. पाण्याच्या सरकारी वर्गवारीत रावेर आणि यावल हे तालुके अतिशोषित म्हणून नोंदले गेले. ठिबकनं पाणी वाचलं, आणि वाचलेल्या पाण्यावर केळी वाढली. आता तापीच्या पुराचं पाणी सातपुड्याच्या पायथ्यानं नेऊन याच गोट्यांत जिरवण्याची मेगा रिचार्ज योजना आहे. तिच्यासाठी २०२५ मध्ये महाराष्ट्र आणि मध्य प्रदेशाचा करार झाला. ती व्हावी असं मला मनापासून वाटतं. पण त्याही बोलण्यात वरचं जंगल कुठेच येत नाही. पाऊस पडतो तो उघड्या टेकडीवरून एका तासात वाहून जातो, मातीसकट. आणि पानांच्या थरातून उतरतो तो दिवसभर थेंबथेंब येत राहतो. गोट्यांना हा दुसरा पाऊस हवा असतो. माती आली तर गोट्यांमधल्या फटी बुजतात आणि नाला पेरायचं विसरतो. एवढं साधं गणित आम्हा केळीवाल्यांच्या सभेत मी कधी ऐकलं नाही. बाजारभाव ऐकला, चरका ऐकला, करपा ऐकला.

त्या रात्री मोटार बंद करून घरी आल्यावर मी नकाशा पुन्हा पसरला. त्यावर मी निळ्या पेन्सिलीनं पाण्याच्या जागा खुणावल्या होत्या. नाल्यातले झिरे, एक-दोन डोह, वनखात्यानं बांधलेले पाणवठे. हे पाणवठे उन्हाळ्यात भरावे लागतात, ते प्राण्यांसाठी असतात. संध्याकाळी तिथे भेकर येतं, रानडुकरं येतात, मागून तरस येतं. झिरा म्हणजे कोणीतरी वाळूत हातानं उकरलेला खड्डा, त्यात एका वेळी तांब्याभर पाणी साचतं, आणि त्याच्यावर कुठल्या तरी पाड्याची सकाळ अवलंबून असते. बाबांना हे ठाऊक होतं. सहा लिटर पुरतील का, हे ते विचारतच नव्हते. पुढच्या दिवसाचे सहा लिटर कोणाच्या वाट्यातले, हे विचारत होते.

निळ्या खुणा मी पुसल्या नाहीत. त्यांच्याभोवती एक वर्तुळ काढलं आणि ठरवलं, इथे थांबायचं नाही. सकाळी नाही, संध्याकाळी तर नाहीच. थांबे त्यांच्यापासून लांब सरकवले. त्यामुळे एक टप्पा मोठा झाला आणि वाटेवरच्या सगळ्यात लांब चढाला भर दुपार येते, त्याला इलाज नाही. पहिल्या दिवसाचं पाणी आमच्या विहिरीचं न्यायचं. एवढ्यानं काही भरपाई होत नाही, हे मला कळतं. आम्ही तिथून घेतो ते मोजायला लिटर हे मापच लहान आहे. तरी नेणार आहे. डोंगरातून खाली उतरायला त्याला किती वर्षं लागली असतील कोण जाणे, चढायला एक दिवस लागेल, माझ्या पायांनी. दुसऱ्या दिवसाचं पाणी मुक्कामाच्या ठिकाणी हातपंपावर, तेही आधी विचारून, आणि लोकांची भांडी भरून झाल्यावर. विश्रामगृहात पाणी कुठून येतं हे विचारायला मी पुन्हा फोन केला. पलीकडच्या माणसाला प्रश्न विचित्र वाटला असावा, पण त्यानं नीट सांगितलं आणि वर म्हणाला, अंघोळीला मागू नका साहेब. नाही मागणार, म्हटलं.

मित्राला नवा आराखडा दाखवला. त्यानं नेहमीप्रमाणे वेळा तपासल्या, एका ठिकाणी वीस मिनिटं वाढवली आणि विचारलं, मग माझ्याही बाटल्या तुझ्याच विहिरीतून भरायच्या का? त्याच्याकडे भुसावळला नळाचं पाणी, तापीचं. मी हो म्हटलं. म्हणजे त्याला आदल्या रात्री आमच्याकडे मुक्कामी यावं लागेल. मायनं लगेच वरण-बट्टीचा बेत सांगितला. निघायच्या आदल्या रात्री इतकं तुपाचं खाऊ नये असं सायकलवाले म्हणतात, पण ते मी तिला सांगणार नाही.

अर्ज सोमवारी द्यायचा आहे. त्यात दोघांची नावं, वाट, मुक्काम आणि 'प्रयोजन' असा रकाना आहे. तिथे पर्यटन लिहिलंय, कारण कायद्यात तोच शब्द आहे. टायर आलेत. मागच्या चाकाला थोडा आऊट आहे, सावद्याच्या दुकानात तो काढून घ्यायचा आणि दोन तारा जादाच्या मागून ठेवायच्या. मित्राची रजा अजून मंजूर झालेली नाही.